पहिला हेडफोन घेताना: गाणं टिपायला, मिक्स करायला आणि नुसतं ऐकायला

गेल्या आषाढात आमच्या सोसायटीतला एक मुलगा पेनड्राइव्ह घेऊन घरी आला. त्याने आजीच्या आवाजात एक अभंग घरीच रेकॉर्ड केला होता. माइक बरा होता, आजींचा आवाज तर सुरेखच. पण दोन ओळींच्या मध्ये, जिथे मागे फक्त तानपुरा होता, तिथे 'टिक, टिक, टिक' ऐकू येत होतं. शेजारी घड्याळ ठेवलं होतं का, असं मी विचारलं. घड्याळ नव्हतं. आजींच्या कानांवरच्या हेडफोनमधून मेट्रोनोमची, म्हणजे लय दाखवणाऱ्या यंत्राची, क्लिक झिरपून माइकमध्ये शिरली होती. हेडफोन चांगला महाग, दुकानदाराने 'स्टुडिओवाला' म्हणून दिलेला. होताही तो स्टुडिओचाच, पण मिक्सिंगचा, म्हणजे टिपलेले वेगवेगळे आवाज एकमेकांशी जुळवण्याच्या कामाचा, पाठीमागून उघडा. ती टिकटिक काढण्यात मी दोन संध्याकाळी घालवल्या आणि शेवटी आजींना पुन्हा गायला बसवलं. दुसऱ्या वेळी त्या जास्त छान गायल्या, हा भाग वेगळा.

पैसे कमी पडले म्हणून हे झालं नव्हतं. काम न ठरवता खरेदी झाली होती. खाली सांगतोय तो क्रम मी नव्या माणसाला सांगतो तोच आहे. किमती दर सणाला वरखाली होतात, म्हणून त्या दिलेल्या नाहीत.

पायरी १: कागदावर काम लिहा

येत्या सहा महिन्यांत हेडफोन घालून तुम्ही नक्की काय करणार आहात, ते लिहून काढा. माइकसमोर गाणार किंवा बोलणार? दुसऱ्याने गायलेलं बसून मिक्स करणार? की लोकलमध्ये आणि झोपताना गाणी ऐकणार? 'तिन्ही' असं उत्तर आलं तर त्यातलं सगळ्यात जास्त वेळ खाणारं काम कोणतं, त्याखाली रेघ मारा.

एकच हेडफोन घेण्याइतके पैसे असतील आणि यादीत रेकॉर्डिंग कुठेही असेल, तर माझं मत स्पष्ट आहे: पाठीमागून बंद असलेला हेडफोन घ्या. बंद हेडफोनवर मिक्सिंग करायला शिकता येतं, हजारो लोक करतात. उघडा हेडफोन घालून माइकसमोर गायलात तर तो झिरपणारच, तिथे तुमचं कौशल्य कामाला येत नाही.

पायरी २: बंद, उघडा, अर्धा उघडा

हेडफोनच्या वाटीत एक छोटा पडदा हलतो. तो कानाच्या दिशेने जेवढा आवाज टाकतो तेवढाच मागेही टाकतो. वाटी मागून बंद असेल तर मागचा आवाज आतच कोंडला जातो. बाहेर कमी जातं, बाहेरचंही कमी आत येतं. पण कोंडलेला आवाज आत आपटत राहतो आणि त्यामुळे बेस थोडा फुगलेला, जागा थोडी कोंदट वाटू शकते.

मागे जाळी असेल तर तो मागचा आवाज मोकळा निघून जातो. ऐकायला हवेशीर, डोक्याबाहेर पसरल्यासारखं वाटतं. सेनहायझरने १९६८ साली एचडी ४१४ बाजारात आणला तो या जातीचा पहिला हेडफोन. हलका, पिवळ्या फोमच्या गाद्यांचा. त्या जातीची आजची अडचणही तीच आहे जी तेव्हा होती: शेजारी बसलेल्याला तुमचं गाणं ऐकू येतं, आणि तुम्हाला त्याचा कुकर.

अर्धा उघडा हा दोन्हीच्या मधला. एकेजीचा के२४० हा त्यातला जुना, जगभरच्या स्टुडिओंत दिसणारा नमुना. थोडा झिरपतो, थोडा हवेशीर आहे. तबल्यासारख्या जोरकस वाद्याच्या रेकॉर्डिंगला चालून जाईल, हळुवार गळ्याला नाही.

पायरी ३: माइकसमोर बसणार असाल तर

पहिली परीक्षा घरीच करा. हेडफोन घाला, माइकचा गेन, म्हणजे तो आवाज किती वाढवून घेतो ते, गाण्याच्या वेळी असतो तेवढाच ठेवा, क्लिक गाताना लागते तेवढ्याच आवाजात चालू करा आणि अर्धा मिनिट गप्प बसून रेकॉर्ड करा. मग ते रेकॉर्डिंग आवाज वाढवून ऐका. टिक ऐकू आली तर बंद हेडफोनसुद्धा कुठून तरी गळतोय. बहुतेक वेळा गळती कानाच्या मागच्या बाजूला असते, चष्म्याच्या काडीपाशी किंवा अंबाड्यामुळे पट्टा वर उचलला गेल्याने.

थोडी गळती असेल तर हेडफोन बदलायच्या आधी क्लिक बदला. मेट्रोनोमचा तो कर्कश लाकडी टोला सगळ्यात जास्त झिरपतो. त्याऐवजी मऊ, खालच्या स्वरातला ठोका लावा, किंवा गाण्याच्या प्रकृतीला चालत असेल तर क्लिक काढून तबल्याचा ठेकाच कानात द्या. ठेका थोडा झिरपला तरी गाण्यात लपतो, क्लिक लपत नाही. आणि जिथे ताल थांबून नुसता आलाप आहे तिथे क्लिक बंद करून टाका. तिथे ती लागतच नाही.

आता सुराचं. दोन्ही कान गच्च बंद झाले की गाणाऱ्याला स्वतःचा आवाज हवेतून येईनासा होतो आणि हाडांतून येणारा घुमारा तेवढा उरतो. शास्त्रीय संगीत शिकलेली, पण स्टुडिओत न गेलेली माणसं इथे हमखास गोंधळतात. सूर खाली-वर होतो आणि दोष रियाजाला दिला जातो. उपाय जुना आहे: एक कान अर्धा उघडा ठेवा. मात्र उघडी वाटी हवेत लोंबकळत ठेवू नका, ती कानामागे डोक्याला दाबून बसवा, आणि जमलं तर सगळा आवाज बंद कानाच्या बाजूला वळवा. कानात तानपुरा किंचित जास्त द्या, बाकीचा वाद्यमेळ कमी. स्वतःच्या आवाजावर थोडा रिव्हर्ब, म्हणजे मोठ्या खोलीतल्यासारखा घुमारा, फक्त ऐकण्यापुरता दिला तर गाणारा सैलावतो. रेकॉर्डिंगमध्ये तो जाता कामा नये, एवढं पाहा.

उशिराची गोष्ट वेगळी. तुमचा आवाज माइकमधून संगणकात जाऊन परत कानात येईपर्यंत वेळ जातो. सॉफ्टवेअरमध्ये बफर, म्हणजे संगणक एका वेळी आवाजाचे जेवढे तुकडे (सॅम्पल) साठवून पुढे पाठवतो तो साठा, १२८ सॅम्पल आणि दर ४८ किलोहर्ट्झ (सेकंदाला ४८ हजार सॅम्पल) असेल तर एका वाटेचे सुमारे २.७ मिलिसेकंद होतात. ५१२ सॅम्पलला तेच १०.७. जाऊन येऊन साधारण दुप्पट धरा, वर इंटरफेसचे, म्हणजे माइक आणि हेडफोन संगणकाला जोडणाऱ्या डबीचे, आणखी थोडे. दहा-बारा मिलिसेकंदांपर्यंत बहुतेकांना कळत नाही. वीस ओलांडले की स्वतःचाच प्रतिध्वनी कानात घोळू लागतो. इंटरफेसवर 'डायरेक्ट मॉनिटर'चं बटण असेल तर ते दाबा. आवाज संगणकाचा फेरा न घेता सरळ कानात येतो.

ब्लूटूथचे इअरबड? रेकॉर्डिंगला नकोतच. साध्या ब्लूटूथला शंभर-दोनशे मिलिसेकंद लागतात. शिवाय त्यांचाच माइक वापरायला गेलात तर जोडणी फोनकॉलच्या पद्धतीवर उतरते आणि आवाज एकदम टेलिफोनसारखा होतो. पॉडकास्ट करणाऱ्या नव्या मुलांचं अर्धं दुःख या एका गोष्टीतून येतं.

या कामासाठी नावं सांगायची तर सोनीचा एमडीआर-७५०६ हा १९९१पासून तसाच चालत आलेला हेडफोन. ६३ ओम (ओम म्हणजे काय ते पाचव्या पायरीत), गुंडाळी केबल, हलका, दुमडणारा. मधला नि वरचा आवाज पुढे काढून दाखवतो, त्यामुळे गळ्यातली खरखर, ओठांचा चटका, मागे कुठेतरी फिरणारा पंखा, सगळं पकडता येतं. ऑडिओ-टेक्निकाचा एटीएच-एम५०एक्स ३८ ओमचा, बेस थोडा जास्त, केबल निघते. बजेट कमी असेल तर त्याच घराण्यातले एम२०एक्स आणि एम४०एक्स आहेत. बायरडायनॅमिकचा डीटी ७७० प्रो तासन्‌तास घालून बसायला फार आरामाचा, गाद्या मखमली. त्याचे ओमचे प्रकार वेगवेगळे आहेत, त्याकडेही तिथेच येतो.

पायरी ४: मिक्सिंग

इथे शक्य असेल तर उघडा घ्या. खोली मात्र शांत हवी. रस्त्याकडेची खोली, वर तिसऱ्या मजल्यावर टाइल्सचं काम चालू, अशा घरात उघडा हेडफोन घेऊन काही उपयोग नाही. सेनहायझरचा एचडी ६०० हा १९९७चा ३०० ओमचा हेडफोन अजूनही या कामासाठी मोजमापाची पट्टी मानला जातो.

'फ्लॅट' हा शब्द तुम्हाला सगळीकडे भेटेल. पूर्ण सपाट हेडफोन कुठेच नसतो. प्रत्येकाच्या कानाचा आकार वेगळा, गादी बसण्याची जागा वेगळी. म्हणून मी सपाटपणापेक्षा एक उलटा नियम सांगतो: हेडफोन जे जास्त दाखवतो, ते तुम्ही मिक्समध्ये कमी करता. भरपूर बेसचा हेडफोन घालून मिक्स केलंत की डग्गा तुम्हाला पुरेसा वाटतो, म्हणून तुम्ही तो खाली ओढता, आणि गाडीतल्या स्पीकरवर गाणं पोकळ वाजतं. बायरडायनॅमिकच्याच डीटी ९९० प्रोसारख्या वरच्या पट्टीत चमकणाऱ्या हेडफोनवर टाळ कानाला टोचतात, तुम्ही ते दाबता, आणि बाहेर भजन घोंगडीखालून आल्यासारखं लागतं. आपल्या हेडफोनचा हा स्वभाव एकदा कळला की तो कसाही असला तरी त्याच्यावर काम करता येतं. स्टुडिओतले जुने लोक वर्षानुवर्षं तोच हेडफोन वापरतात, ते याचसाठी.

स्वभाव कळायचा कसा? ज्या प्रकारचं काम करायचंय त्याच प्रकारची तीन-चार व्यावसायिक गाणी सॉफ्टवेअरमध्ये शेजारच्या ट्रॅकवर टाकून ठेवा. भावगीत मिक्स करताय तर भावगीत, लावणी तर लावणी. दर वीस मिनिटांनी स्वतःचं थांबवून ते ऐका. दोन्हींचा आवाज सारखा करून घ्या, कारण जे मोठं वाजतं ते कानाला नेहमी चांगलं वाटतं.

हेडफोनची एक फसवणूक मात्र सवयीनेही पूर्ण जात नाही. स्पीकरवर डाव्या बाजूचा आवाज उजव्या कानालाही पोचतो, क्षणभर उशिरा, जरा बोथट होऊन. हेडफोनवर डावं ते डावंच. त्यामुळे दायाँ (उजव्या हाताचा तबला) एका कानात आणि डग्गा दुसऱ्या कानात पूर्ण ढकलला तर हेडफोनवर मजेशीर वाटतं, पण एकाच माणसाच्या मांडीपुढचे ते दोन तबले खोलीच्या दोन भिंतींना लागून बसल्यासारखे होतात. जवळ आणा त्यांना. रिव्हर्बचंही तसंच: हेडफोनवर त्याची शेपटी शेवटपर्यंत ऐकू येते म्हणून पुरेसा वाटतो, स्पीकरवर तो खोलीत विरून जातो. बेस तर छातीला लागतच नाही, त्यामुळे त्याचा अंदाज हेडफोनवर कायम कच्चा.

म्हणून मिक्स झाल्यावर ते तीन ठिकाणी ऐका: मोबाइलच्या स्पीकरवर, कुणाच्या तरी गाडीत, आणि एकदा मोनो करून, म्हणजे डावं-उजवं एकत्र मिसळून. मोबाइलवर डग्गा नाहीसा झाला तर तो मोठा करू नका. त्याच्या वरच्या पट्टीतली थाप, मनगटाची घसट थोडी पुढे आणा. छोट्या स्पीकरला तेवढंच वाजवता येतं.

पायरी ५: ओमचं भूत

ओमचा आकडा मोठा म्हणजे हेडफोन भारी, असं काही नाही. तो विजेला होणारा विरोध आहे, एवढंच. डीटी ७७० प्रो ३२, ८० आणि २५० ओममध्ये मिळत आला आहे. व्होल्टेज तेवढंच असताना २५० ओमवाल्याला ३२ ओमवाल्याच्या सुमारे एक-अष्टमांश शक्ती मिळते. कानाला हा फरक साधारण ९ डेसिबलचा. मोबाइलला लावलात तर आवाज पूर्ण वाढवूनही पुरणार नाही. छोट्या इंटरफेसवर बटण शेवटपर्यंत फिरवावं लागेल आणि तरी तबल्याची थाप मिळमिळीत वाटेल.

मोबाइल, लॅपटॉप आणि स्वस्त इंटरफेस एवढंच जवळ असेल तर ८० ओमच्या आत राहा. दोनशेच्या पुढे जायचं तर हेडफोन अॅम्प्लिफायरचे पैसे त्याच हिशोबात धरा. ओमच्या शेजारी सेन्सिटिव्हिटीचा, म्हणजे ठरावीक विजेवर हेडफोन किती मोठा वाजतो त्याचा, आकडाही वाचा. काही कंपन्या तो दर मिलिवॉटला देतात, काही दर व्होल्टला. या दोघांची तुलना करणं म्हणजे शेराची किलोशी तुलना.

पायरी ६: डोक्यावर घालून बसा

माहितीपत्रकात न सापडणारी ही गोष्ट खरेदीत सगळ्यात महत्त्वाची आहे. दुकानात दोन मिनिटं घालून काढू नका, पंधरा मिनिटं घालून ठेवा. चष्मा लावूनच पाहा. काडी कानशिलात रुतली तर दोन तासांनी डोकं दुखणार, आणि काडीच्या फटीतून बेस निसटणार तो वेगळाच.

आपल्याकडची हवा लक्षात घ्या. रेग्झिनच्या गाद्या झिरपणं चांगलं रोखतात, पण मुंबई-कोकणातल्या घामात आणि दमटपणात त्यांचा पापुद्रा सुटतो, काळे कपचे मानेवर आणि कॉलरवर सापडतात. मखमली गाद्या उन्हाळ्यात सुसह्य, झिरपायला किंचित जास्त. म्हणून विचारायचा प्रश्न हा: या मॉडेलच्या सुट्या गाद्या मिळतात का? मिळत असतील तर हेडफोन दहा वर्षं टिकतो. गादी बदलली की आवाजही थोडा बदलतो, तेव्हा शक्यतो मूळ कंपनीचीच घ्या.

केबलचंही तसंच. निघणारी असेल तर तुटल्यावर फक्त केबल बदलायची. पक्की बसवलेली असेल तर डाग द्यायला सोल्डरिंगवाला शोधावा लागतो. खुर्चीचं चाक आणि हेडफोनची केबल यांचं जुनं वैर आहे.

पायरी ७: रोजचं ऐकणं

इथे नियम सैल होतात. तुम्हाला आवडतं तेच बरोबर. दिवसभर काटेकोर मॉनिटर हेडफोनवर गाणी ऐकली तर कान शिणतात. थोडा जास्त बेस, थोडा मऊ वरचा आवाज, मजेत घ्या.

प्रवास जास्त असेल तर आवाज रद्द करणारे हेडफोन, म्हणजे नॉइज कॅन्सलेशनवाले, घ्यायला हरकत नाही. बोस कंपनीचे संस्थापक अमर बोस यांना ही कल्पना १९७८ साली युरोपहून अमेरिकेला परतताना विमानात सुचली, असं ते सांगत. छोटे माइक बाहेरचा आवाज पकडतात आणि त्याची उलटी लाट आत सोडली जाते. सलग, खालच्या पट्टीतल्या घरघरीवर हे उत्तम चालतं: विमानाचं इंजिन, एसटीची घरघर, एसी. लोकलच्या डब्यातला 'चला, पुढे चला' हा पुकारा, भोंगा, भजनी मंडळाचे टाळ यांच्यावर फारसं नाही. त्यासाठी कानात घट्ट बसणारी रबरी टोपीच जास्त उपयोगी. पेटीत तीन मापांच्या टोप्या येतात, त्या फेकू नका. चुकीचं माप बसवलं की बेस गायब होतो आणि लोक कंपनीला शिव्या देतात. रस्ता ओलांडताना मात्र दोन्ही कान मोकळे असू द्या.

आणि आवाज किती? जागतिक आरोग्य संघटनेचा हिशोब असा की ८० डेसिबलवर आठवड्याला ४० तास चालतील. दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो: ८३ला २०, ८६ला १०, ८९ला फक्त ५ तास. मिक्सिंग करणाऱ्यांनी हे आणखी मनावर घ्यायला हवं, कारण रात्री अकरानंतर प्रत्येकाला वाटतं की आवाज जरा वाढवला तर नीट कळेल. कळत नाही. कान थकलेले असतात. उठून पाणी प्या, मग ऐका.

पायरी ८: दुकानात

मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाचा परिसर, किंवा वाद्यांची मोठी दुकानं. कुठेही जा, पण स्वतःची गाणी घेऊन जा. दुकानदार जे लावतो ते त्या हेडफोनवर चांगलं वाजतं म्हणूनच लावलेलं असतं. माझी परीक्षेची शिदोरी चार गोष्टींची आहे. नुसता तानपुरा: त्यातली जवारी, तो बारीक झंकार, वेगळा ऐकू येतो की नुसती घूं. एका स्त्रीचा जवळून टिपलेला आवाज: 'स' आणि 'श' टोचतात का. तबल्याचा एखादा कायदा, म्हणजे बोलांची बांधीव रचना: डग्ग्याचा घुमारा दायाँवर सांडतो का. आणि पूर्ण वाद्यवृंदाचं जुनं गाणं: गर्दीत बासरी सापडते का.

मग यांत्रिक तपासणी. डावं-उजवं उलटं नाही ना, गाणारा बरोबर मध्ये उभा आहे ना. केबल जॅकपाशी हळूच हलवून पाहा, खरखर येता कामा नये. मोबाइलवर टोन जनरेटरचं अॅप असतं, त्यावर २० हर्ट्झपासून वर हळूहळू जा. मधेच पत्रा थरथरल्यासारखा आवाज आला तर तो नग नको. मोठा ६.३ मिलिमीटरचा जॅक पेटीत आहे का, तेही बघा. तो छोटासा अडॅप्टर पहिल्याच महिन्यात हरवतो, म्हणून एक जास्तीचा घेऊन ठेवा.

लोकप्रिय मॉडेलांच्या हुबेहूब नकला बाजारात असतात. निम्म्या किमतीत नवाकोरा मिळतोय म्हणजे काहीतरी गडबड आहे. अधिकृत विक्रेत्याचं बिल घ्या, त्यावर सिरियल नंबर लिहून घ्या. सेकंडहँड घ्यायला मात्र मी घाबरत नाही. गाद्या नव्या घालता येतात, आणि पडदा वरची टोनची परीक्षा पास झाला तर बहुतेक ठीक असतो.

पायरी ९: पहिला आठवडा

घरी आणल्यावर लगेच मिक्सिंगला बसू नका. आठवडाभर रोज तासभर, तुम्हाला तोंडपाठ असलेली दहा-बारा गाणी त्यावर ऐका. जिथे जिथे 'अरे, हे असं नव्हतं' असं वाटेल ते वहीत लिहा: 'पेटी पुढे आली', 'टाळ टोचले', 'बेस कमी'. आठवड्याने ती पानं वाचलीत की तुमच्या हेडफोनचा स्वभाव तुमच्याच अक्षरात समोर असेल. त्याच आठवड्यात इंटरफेसच्या आवाजाच्या बटणावर, तुम्हाला आरामात वाटतं त्या जागी, नेलपॉलिशचा एक ठिपका द्या आणि काम करताना बटण तिथेच ठेवा. माझ्याकडचा ठिपका लाल आहे, आणि रात्री तो ओलांडावासा वाटला की मी मशिन बंद करतो.